सामंताची साक्ष

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (प्रथम प्रयोग १९६७) या नाटकातील क्रौर्याची उपपत्ती बहुधा पात्रांच्या वैयक्तिक वैफल्यातून लावली जाते. अपयशी वकील सुखात्मे, निपुत्रिक काशीकर यांच्यापुरती ती ग्राह्य होय. परंतु सामंताचे काय? त्या भाबड्या गावकऱ्याला बेणारेबाईंविषयी आदरच आहे. तथापि लुटुपुटीच्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभा करताच तो वाचनातल्या कादंबरीवरून साक्ष रचतो, आणि मंडळी तिलाच पुरावा मानू लागतात. एरवी दबलेला रोकडेही तेथेच धीट होतो. अशा साक्षीस द्वेष लागत नाही, नेमून दिलेली भूमिका पुरते. वैफल्याची उपपत्ती येथेच अपुरी पडते. खटल्यानंतर बाहेरून कोणी दार उघडताच हीच माणसे पूर्ववत् सौजन्याने बोलू लागतात.