चेंडू पायांच्या वर

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे मोबाइलवरच्या एका गोल्फ गेमचं काम आलं आणि माझ्या वाट्याला जमीन आली. मैदानाच्या प्रत्येक बिंदूला उंची आणि उतार द्यायचा, आणि चेंडू तिथे थांबला की चारपैकी योग्य तो शब्द स्क्रीनवर दाखवायचा: अपहिल लाय, डाउनहिल लाय, बॉल अबव्ह फीट, बॉल बिलो फीट. तोवर मी गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. चारही शब्द जमिनीचे गुणधर्म आहेत असं समजून मी डेटाबेसमध्ये एक कॉलम केला आणि प्रत्येक बिंदूपुढे एकेक शब्द भरून मोकळा झालो.

टेस्टिंगमधली एक मुलगी डावखुरी. तिने बग टाकला: ‘चेंडू माझ्या पायांच्या खाली आहे, गेम म्हणतोय वर आहे.’

तिचं बरोबर होतं. ऑगस्टा नॅशनलचं तेरावं होल घ्या. तिथलं मैदान उजवीकडून डावीकडे उतरतं. उजव्या हाताने खेळणारा चेंडूच्या डावीकडे, म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला उभा राहतो. त्याला चेंडू पायांच्या वर. फिल मिकल्सनसारखा डावखुरा त्याच जागी वरच्या अंगाला उभा राहणार. त्याला तोच चेंडू पायांच्या खाली. चढ-उताराचंही तसंच. चढ कुठल्या दिशेने? ज्या दिशेला मारायचंय त्या दिशेने. पाठ फिरवली की अपहिलचं डाउनहिल होतं. जमीन बदलत नाही, तिच्यासाठीचा शब्द बदलतो.

कोड दुरुस्त करायला अर्धा तास लागला. शब्द मात्र डोक्यात राहिले. चारांमधले पहिले दोन मला साधारण वाटतात; त्यांत टेकडी आहे, दिशा आहे, कुठल्याही वाटसरूचं काम त्यांनी भागेल. पण ‘बॉल अबव्ह फीट’मध्ये टेकडी नाहीच. चेंडू आहे, पाय आहेत आणि दोघांमधला फरक आहे. भूगोल अख्खा गाळून फक्त उभा राहिलेला माणूस ठेवलाय. जुन्या ब्रिटिश लिखाणात आणखी एक शब्द भेटतो, ‘हँगिंग लाय’: पुढे उतरत जाणाऱ्या जमिनीवर थांबलेला चेंडू. टांगता चेंडू म्हणू या. यात खेळणाऱ्याची धाकधूक चेंडूला चिकटवली आहे. सुंदर शब्द, पण थोडा नाटकी. ‘पायांच्या वर’ नाटक करत नाही.

मग मी वाचायला बसलो. सगळे सांगतात ते पुस्तक म्हणजे बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’. १९५७चं, हर्बर्ट वॉरन विंडच्या सोबतीने लिहिलेलं, अँथनी रॅविएलीच्या चित्रांसह. इंजिनिअर माणसाला वेड लावेल असं पुस्तक आहे. पकड, उभं राहणं, स्विंगचा पहिला भाग, दुसरा भाग, उजळणी. चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली काच आणि तिच्यातून बाहेर आलेलं डोकं, हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही. सूचना इतक्या नेमक्या की मला वाटलं, हे तर डॉक्युमेंटेशन आहे, आणि आम्ही लिहितो त्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं.

पण त्या पाच धड्यांतली जमीन सपाट आहे. होगन तसं कुठे म्हणत नाही. ते गृहीतच आहे. आणि हा माणूस कोण? फेब्रुवारी १९४९मध्ये त्याच्या गाडीवर बस आदळली. पुढच्या वर्षी मेरियनला यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी तो पायांना पट्ट्या बांधून छत्तीस होल चालला, दुसऱ्या दिवशी प्लेऑफ खेळून जिंकला. पायाखालच्या जमिनीबद्दल त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल? तरी पुस्तकात त्याने शरीर असं मांडलं, जणू ते फरशीवर उभं आहे. पद्धत शुद्ध ठेवायची तर जमीन वगळावी लागली, हे मला समजतं. मीही कॉलम केला तेव्हा तेच केलं होतं, फक्त उलट बाजूने: जमीन ठेवली, माणूस वगळला.

याची किंमत मी मोजली. प्रॅक्टिसच्या चटईवर सहा महिने होगन घोटून पहिल्यांदा खऱ्या मैदानावर गेलो. तिसऱ्याच फटक्याला चेंडू पायांच्या वर. काच आठवली, खांदे आठवले, आणि काठी चेंडूच्या आधी मातीत घुसली. अर्थातच, चेंडू वर म्हणजे छातीच्या जवळ, काठी आखूड धरायला हवी होती. मी मात्र आठवडाभर माझ्या स्विंगमधली चूक शोधत होतो.

याउलट गोल्फचं नियमांचं पुस्तक. ते रुक्ष आहे, पण त्याला उतार माहीत आहे. पाय नीट रोवा म्हणतं, पण उभं राहायला मातीची सपाट जागा करू देत नाही. नेहमीसारखं उभं राहता येईल, नेहमीसारखा स्विंग मिळेल, असा हक्कच तुम्हाला नाही. होगनच्या शेजारी ठेवून वाचावं असं हे कलम आहे. उतारावर ‘थांबलेला’ म्हणजे काय, यावर तर त्यात अख्खं नाट्य आहे. १९९२च्या मास्टर्सला शेवटच्या दिवशी फ्रेड कपल्सचा चेंडू बाराव्या होलच्या पुढच्या काठावर पडला, पाण्याकडे घरंगळला आणि गवतात अडकला. तो पार करून गेला आणि दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकला. २०१९मध्ये फिनिक्सला रिकी फाउलरने दंड भरून उतारावर चेंडू ठेवला, तो थांबला, फाउलर ग्रीन बघायला वर गेला आणि मागे चेंडू आपोआप पाण्यात गेला. आणखी एक फटका दंड. (तरी जिंकला, बरं का.) नियम क्रूर वाटतो. पण कोणता थांबलेला चेंडू खरोखर थांबलाय, हे आधीच ठरवण्याचा आव तो आणत नाही.

मराठीत इथे एक गंमत आहे. ‘चेंडू पडला आहे’ म्हटलं की पडणंही आलं आणि पडून राहणंही आलं. इंग्रजी ‘लाय’मध्ये पडण्याची घटना नाही. आपल्या क्रियापदाला तो घरंगळत आलेला आठवतो.

गेमची मराठी आवृत्ती करायची ठरली तेव्हा हे चार शब्द मी मागून घेतले. ‘चेंडू पायांवर’ लिहिलं तर तो बुटावर येऊन बसतो. ‘पायांच्या वर’ थोडं बरं, तरी हवेत तरंगतो. शेवटी ‘चेंडू पावलांहून उंच’ असं पाठवलं. अक्षरं चौकटीत मावत नाहीत म्हणून ते परत आलं. आता तिथे एक बाण आहे आणि पुढे ‘उतार ५ अंश’. डावखुऱ्यांनाही तेच दिसतं. तो जुना बग मग कायमचा बंद करून टाकला. बंद करायला तीच मुलगी होती. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘आता पाय नाहीत.’