प्रेत उठत नाही : ‘विसुद्धिमग्गा’तील अशुभनिर्देश

चऱ्होली-आळंदी परिसरात इंद्रायणीकाठी दहाव्याला जमलेल्यांत काही समजुती आजही आमच्या कानी येतात : मेल्यावरही केस व नखे वाढतात; प्रेत चितेवर उठून बसते; नेत्रदान करणारा पुढील जन्मी आंधळा जन्मतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेतील सहाव्या प्रतिज्ञेनुसार ज्यांनी श्राद्ध व पिंडदान सोडले, अशा घरांतही त्या टिकून आहेत. विधी सुटला, भय सुटले नाही.

या भयाचा विचार करताना आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या ‘विसुद्धिमग्गा’चे सहावे प्रकरण वाचावे. फुगलेले उद्धुमातक, निळसर पडलेले विनीलक, पू वाहणारे विपुब्बक येथपासून हाडे उरलेल्या अट्ठिकापर्यंत प्रेताचे दहा प्रकार त्यात सांगितले आहेत. वाचक याकडे किळसवाणे वर्णन म्हणून पाहतात. आमच्या मते त्याचे खरे मोल अन्यत्र आहे. एकट्याने स्मशानात ध्यान करणाऱ्या भिक्खूस प्रेत उठून मागे येत असल्याचा भास होतो, हे आचार्य मान्य करतात. त्यावर ते मंत्र वा ताईत सुचवीत नाहीत. शेजारचा दगड वा वेल चालून येत नाही, तसे प्रेतही येत नाही. हा भास आपल्याच संज्ञेतून उपजला आहे, हे ओळखून चित्त स्थिर करावे, असे ते सांगतात.

मात्र प्रेतात खरोखर दिसणाऱ्या बदलांची कारणे देणे हा आचार्यांचा विषय नव्हता. ती शरीरशास्त्राने दिली. त्वचेतील पाणी आटून ती आक्रसते, म्हणून नखे व दाढीचे खुंट वाढल्यासारखे भासतात. चितेच्या उष्णतेने स्नायू आखडतात, म्हणून हातपाय वाकतात. आतड्यांतील जीवाणूंपासून होणाऱ्या वायूने पोट फुगते. आचार्यांच्या दृष्टान्ताला ही जोड दिल्याखेरीज आजच्या उपासकाचे समाधान होणार नाही.

हा केवळ ग्रंथविचार नव्हे. नेत्रदान साधारणतः मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते व त्यास जवळच्या नातलगांची संमती लागते. तेवढा वेळ घर भयाने मुके राहिले, तर पारपटलाच्या विकाराने अंध झालेल्या दोघांना मिळू शकणारी दृष्टी चितेत जाते. वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन होते. त्यात हे प्रकरणही वाचले जावे, अशी आमची विनंती आहे. घरात मृत्यू आल्यावर ही समजूत घालू लागलो, तर उशीर झालेला असतो.