अद्भुताचा वाचक आणि त्याची तक्रार

सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक चमत्कारिक वाद आला होता. ‘हरि पुत्तर’ या हिंदी चित्रपटाच्या नावामुळे हॅरी पॉटरच्या चाहत्यांची फसगत होईल, असे वॉर्नर ब्रदर्स कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयास ते पटले नाही. त्या कादंबऱ्या आणि एक पंजाबी विनोदी चित्रपट यांतील भेद ओळखण्याइतकी बुद्धी या वाचक-प्रेक्षकास आहे, असा निर्वाळा मिळाला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्याच दिल्लीत तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश घुबडांच्या अवैध व्यापाराविषयी बोलले. शहरी मध्यमवर्गास मुलांना घुबड भेट देण्याचा जो सोस लागला आहे, त्याचे खापर त्यांनी हॅरी पॉटरवर फोडले. न्यायालयाने मानलेला वाचक विवेकी होता; मंत्र्यांना दिसलेला वाचक अनुकरणवेडा होता.

जे. के. रोलिंग यांच्या या सात भागांच्या मालेविषयी (१९९७–२००७) जी समीक्षा झाली, तिने बहुधा दुसराच वाचक गृहीत धरला. हॅरॉल्ड ब्लूम यांनी २००० मध्ये तिच्या शब्दकळेतील साचेबंदपणावर बोट ठेवले, ए. एस. बायट यांना २००३ मध्ये तीत खऱ्या गूढतेचा अभाव जाणवला. हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु ज्यांनी ही पुस्तके जीव लावून वाचली त्यांच्याही तक्रारी आहेत, आणि त्या या आक्षेपांहून अधिक बोलक्या आहेत.

या तक्रारी परस्परविरोधी आहेत. काहींच्या मते पहिल्या तीन भागांतील आनंद पुढे हरपला: चौथ्या भागाच्या अखेरीस एक निरपराध विद्यार्थी मारला जातो, पाचव्यात जादू मंत्रालय सत्य दडपू लागते, आणि परीकथेच्या जागी राजकारण येते. इतरांना नेमके हेच उत्तरभाग मोलाचे वाटतात; त्यांची निराशा अखेरच्या प्रकरणाने होते. एकोणीस वर्षांनंतर नायक-नायिका आपापल्या मुलांना आगगाडीत बसवून देतात आणि सारे काही ठीक झालेले असते. एवढ्या संहारानंतर हा प्रपंच त्यांना उणा वाटतो.

या विरोधाचे मूळ मालेच्या घडणीत आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत म्हटले होते, की आपल्या जीवनात वैचित्र्य नसल्यामुळे कादंबरीकारास अद्भुताचा आश्रय करावा लागतो. त्यांच्या लेखी अद्भुत ही वास्तवाची उणीव भरून काढण्याची सोय होती. रोलिंग यांची मालाही तेथूनच निघते: जिन्याखालच्या फडताळात झोपणाऱ्या पोरक्या मुलास एक नवे जग लाभते. पुढे मात्र ते जगच वास्तवाचे सर्व दोष घेऊन उभे राहते. तेथे शुद्ध रक्ताचा अभिमान आहे, आणि पगारावाचून राबणारे घरसेवकही आहेत. पहिला वाचक रिसबुडांच्या अद्भुताची मागणी करतो. दुसरा, अद्भुताने एकदा वास्तवाचा भार उचलल्यावर तो मध्येच खाली ठेवू नये, असे म्हणतो.

भारतीय वाचकास ही दुसरी मागणी अधिक जाचते. जन्मावरून पायरी ठरणे त्यास कल्पित वाटत नाही. म्हणूनच हर्मायनीची सेवकमुक्तीची चळवळ विनोदावारी जाते तेव्हा तो बुचकळ्यात पडतो. आणि अंतिम विजयानंतर थकलेल्या नायकाच्या मनात, आपला सेवक क्रीचर खायला सँडविच आणून देईल का, असा विचार येतो, तेव्हा तो थबकतो. पार्वती आणि पद्मा पाटील या भगिनींची नावे ओळखीची असली, तरी त्यांना अंतरंग दिलेले नाही, हेही त्याच्या ध्यानी येते.

अनुवादाने या अपेक्षांना आणखी एक वळण दिले. पहिल्या भागाच्या हिंदी शीर्षकात ‘पारस पत्थर’ आहे, मराठीत ‘परीस’. याहून जवळचा शब्द आपल्यापाशी नाही. परंतु आपला परीस लोखंडाचे सोने करतो. युरोपीय किमयेतील त्या दगडापासून अमरत्वाचे पेयही मिळते, आणि कथेचा सारा भार या दुसऱ्या गुणावर आहे. मृत्यूचे भय हा संपूर्ण मालेचा विषय प्रथमपासून तेथे ठेवलेला आहे. ‘परीस’ वाचणाऱ्यास मात्र सोनेरी स्पर्शाच्या कथेची चाहूल लागते. चौथ्या भागातील मृत्यू त्यास विश्वासघातासारखा वाटला, तर त्यात त्याचा दोष अल्प आहे.

लेखिकेने २०२० पासून लिंगभावाविषयी जी मते मांडली, त्यांमुळे काही वाचक दुरावले. तो वाद मुख्यतः व्यक्तीविषयीचा आहे. वर सांगितलेल्या तक्रारी मात्र कृतीतून उपजलेल्या आहेत, आणि त्यांना कृतीचाच पुरावा आहे.

कुमारवयात पुस्तकाशी तादात्म्य पावावे आणि पुढे त्याच पुस्तकास जाब विचारावा, ही वाचकाची वाढ आहे. जो वाचक क्रीचरपाशी थबकतो, तो घुबड विकत घेणारा भाबडा वाचक नव्हे. लोकप्रिय वाङ्मयाचे मूल्यमापन करताना समीक्षेने त्याची साक्ष काढली पाहिजे. न्यायालयाने २००८ मध्ये त्याच्या बुद्धीवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा टाकण्यास समीक्षकांनी तरी कचरू नये.