इंटरप्ट झाकून केलेले दोषशोधन: एका रूढ पद्धतीची चिकित्सा

मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञावलीतील दोष शोधावयाचा असेल, तर प्रथम सर्व इंटरप्ट बंद करावेत आणि मग एकेक आज्ञा चालवून पाहावी, असा उपदेश विद्यार्थ्यांस सर्रास केला जातो. डीबगरांतही तशी सोय असते. आर्मच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांत तर एकेक आज्ञा चालविताना टायमरचे व बाहेरचे इंटरप्ट झाकण्यासाठी स्वतंत्र बिटच आहे. ह्या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही; साध्या हिशेबातील चूक तिने चटकन सापडते. परंतु जो दोष मूळ आज्ञावली आणि इंटरप्ट ह्यांच्या गाठीतूनच जन्मतो, त्याच्या बाबतीत ती मुख्य साक्षीदाराला बाहेर घालवून मग चौकशी आरंभिते.

उदाहरणार्थ, आठ बिटांच्या एव्हीआरवर सोळा बिटांचा गणक दोन टप्प्यांत वाचावा लागतो. गणकात २५५ असताना मूळ आज्ञावलीने खालचा बाइट वाचला: २५५. इतक्यात टायमरचा इंटरप्ट आला व गणक २५६ झाला. आता वरचा बाइट १ असा वाचला जातो आणि हाती येतात ५११! इंटरप्ट झाकून हीच आज्ञावली हजार वेळा चालविली, तरी हा दोष एकदाही दिसणार नाही. विद्यार्थी मात्र ‘दोष आढळला नाही’ असे वहीत लिहून मोकळा होईल. गणकाला ‘व्होलाटाइल’ म्हटल्यानेही वाचन अखंड होत नाही. दोन्ही बाइट वाचण्यापुरते इंटरप्ट रोखून लगेच पूर्वस्थिती आणणे, हा खरा उपाय.

मग निरीक्षण करावे कसे? हँडलरमधूनच सिरियल पोर्टवर मजकूर पाठवीत थांबणे इष्ट नव्हे. ९६०० बॉडला एकेका अक्षरास एक मिलिसेकंदाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचा इंटरप्ट दाराशी येतो. त्यापेक्षा हँडलरमध्ये शिरताना एक पिन उंचवावी, निघताना उतरवावी, व तिचा आलेख लॉजिक ॲनालायझरवर पाहावा.

तथापि निरीक्षणालाही मर्यादा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक्स-१ संगणकाचे इंटरप्ट हाताळताना डाइक्स्ट्रा ह्यांना हीच अडचण जाणवली होती: इंटरप्टचा क्षण ठरलेला नसल्यामुळे चूक पुन्हा घडवून दाखविता येत नाही. म्हणून प्रत्येक दोन आज्ञांच्या मध्ये इंटरप्ट येऊ शकतो असे धरून आज्ञावली वाचणे, हे दोषशोधनाचे पहिले पाऊल मानले पाहिजे. डीबगर त्यानंतर.