डोपामाइन वाढलं म्हणजे पाय शांत होतील?

रात्री अंथरुणावर पडलं की पायांत वळवळ सुरू होते, हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, थोडक्यात आरएलएस. लेव्होडोपा, प्रामिपेक्सोल अशा डोपामाइनवर काम करणाऱ्या औषधांनी तो कमी होतो. मग कुणीतरी म्हणतं, मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधंही डोपामाइन वाढवतात, म्हणजे तीही चालतील. ऐकायला पटतं ना? इथेच थांबा.

एक, यंत्रणा म्हणजे पुरावा नव्हे. प्रामिपेक्सोल थेट रिसेप्टरला चिकटतं, मिथाइलफेनिडेट डोपामाइनचं पुन्हा शोषण अडवतं. शिवाय डोपामाइनची औषधं बरीच वर्षं घेतली की अनेकांचा त्रास उलट वाढतो. याला ऑगमेंटेशन म्हणतात. नुसतं ‘कमी आहे, भरून काढा’ इतकं हे सोपं असतं, तर असं झालं नसतं.

दोन, अशी उडी आधीही मारून झाली आहे, उलट्या दिशेने. एडीएचडी आणि आरएलएस दोन्ही असलेल्या मोजक्या मुलांना डोपामाइनची औषधं दिली, तेव्हा २०००च्या खुल्या अभ्यासात एडीएचडीही सुधारलेला दिसला. २०११ साली लेव्होडोपाची प्लासिबोसह डबल-ब्लाइंड चाचणी आली. पाय सुधारले, एडीएचडी नाही. आणि आरएलएसमध्ये प्लासिबोनेच सुमारे ४० टक्के रुग्णांना बरं वाटतं, हे २००८च्या मेटा-अॅनालिसिसमध्ये दिसलं. म्हणून ‘गोळी घेतली आणि फरक पडला’ या अनुभवावर निष्कर्ष काढता येत नाही.

तीन, आणि हे सहसा सुटतं: मोजपट्टी. आरएलएसच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत १० प्रश्न, ४० गुण. त्यात दिवसाचा थकवा किंवा झोपाळूपणा आणि मूड यांचेही प्रश्न आहेत. उत्तेजक औषधाने माणूस तरतरीत झाला, तर पायांना काहीही न होता गुण उतरू शकतात! त्रास रात्रीचा, आणि हीच औषधं रात्री घेतली तर झोप उडवतात, हा पेच वेगळाच.

मग कल्पना टाकून द्यायची का? नाही. ती गृहीतक म्हणून ठेवा, उपचार म्हणून नको. चाचणी आखाल तेव्हा प्लासिबो गट ठेवा, पायांच्या लक्षणांचे गुण वेगळे काढा, आणि आधी प्रत्येकाचं फेरिटिन तपासा, कारण लोहाची कमतरता हे आरएलएसचं ओळखीचं कारण आहे.

पुढचा पेपर वाचताना ‘म्हणून’ या शब्दाखाली रेघ मारा. बहुतेक वेळा पुराव्याची फट तिथेच असते.