मनगट मोजून वाढलेले ताट

ओळखीच्या एका शिक्षिकेने गेल्या महिन्यात मला एक कागद आणून दिला. त्यांच्या अकरावीतल्या एका विद्यार्थिनीला तो व्यायामशाळेत मिळाला होता. कागदावर तीन आकृत्या होत्या : एक काटकुळी, एक पिळदार, एक गोलसर. खाली नावे होती एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ आणि एंडोमॉर्फ. अंगठा व मधले बोट मनगटाभोवती धरायचे, बोटे एकमेकांवर चढतात की टेकतात की टेकतच नाहीत ते पाहायचे आणि आपला प्रकार ठरवायचा. मग प्रत्येक प्रकाराचे जेवण. काटकुळ्यांनी 55 टक्के उष्मांक कर्बोदकांतून, 25 प्रथिनांतून व 20 स्निग्ध पदार्थांतून घ्यावेत. पिळदार मंडळींनी 40, 30, 30. आणि गोलसरांनी 25, 35, 40. मुलगी तिसऱ्या रकान्यात बसली आणि तिने भाकरी व भात सोडला. शिक्षिकेचा प्रश्न साधा होता : यात विज्ञान किती?

ही नावे विज्ञानाच्या दारातून आली आहेत हे खरे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी 1940 साली सुमारे चार हजार महाविद्यालयीन तरुणांच्या छायाचित्रांवरून ही वर्गवारी मांडली. भ्रूणाच्या अंतःस्तर, मध्यस्तर व बाह्यस्तर या तीन थरांवरून त्यांनी नावे दिली. पचनसंस्थेचे अस्तर अंतःस्तरापासून बनते, म्हणून पोटाळू माणूस एंडोमॉर्फ! जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. चरबीच्या पेशी बहुतांशी मध्यस्तरापासून तयार होतात, अंतःस्तरापासून नव्हे. म्हणजे नावाचा पायाच सरकलेला आहे. शेल्डन तेवढ्यावर थांबले नाहीत. शरीराच्या ठेवणीवरून स्वभावही ठरतो असे त्यांनी 1942 च्या पुस्तकात सांगितले. तो भाग आज कोणी गांभीर्याने घेत नाही.

तरी शेल्डन यांच्यावर अन्याय नको. त्यांनी माणसांचे तीन कप्पे केले नव्हते. प्रत्येकाला तिन्ही गुणांसाठी 1 ते 7 असे तीन अंक दिले होते, आणि पुष्कळ माणसे मधल्या अंकांत येतात. व्यायामशाळेच्या कागदाने हे सर्व गाळून फक्त टोके ठेवली. आणखी एक गोष्ट : शेल्डन यांच्या मांडणीत आहाराची टक्केवारी नव्हती. ती पुढच्या लोकांनी चिकटवली.

शेल्डन यांचा एक दावा मात्र या कागदाला फार सोयीचा आहे : देहप्रकार जन्मभर बदलत नाही. याची परीक्षा लवकरच झाली. अन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. गॅब्रिएल लास्कर यांनी या तरुणांची आधीची व नंतरची छायाचित्रे शेल्डन यांच्याच पद्धतीने तपासली. अंक बदलले होते, गोलसर माणसे काटकुळ्यांकडे सरकली होती. जी खूण जेवणानेच बदलते, ती पाहून जेवण ठरवायचे म्हणजे तापमापक गरम पाण्यात बुडवून ताप मोजण्यासारखे आहे.

आता त्या मुलीचे गणित करू. तिचा आहार दिवसाला 2000 उष्मांकांचा धरा. 35 टक्के प्रथिने म्हणजे 700 उष्मांक, अर्थात 175 ग्रॅम प्रथिने. तिच्या वयाच्या मुलीला भारतीय शिफारशीनुसार साधारण 55 ग्रॅम लागतात. तूरडाळीत सुमारे 22 टक्के प्रथिने असतात, म्हणजे 175 ग्रॅमसाठी जवळजवळ 800 ग्रॅम कोरडी डाळ हवी. पण तेवढ्या डाळीतून चारशे ग्रॅमहून अधिक कर्बोदकेही पोटात जातील, आणि तक्त्याने परवानगी दिली आहे 125 ग्रॅमची! शाकाहारी घरात हा रकाना पाळायचा तर प्रथिनांची पावडर विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. पावडर कोण विकते, हे सांगायला नकोच.

काटकुळ्यांचा रकाना त्याहून धोक्याचा आहे, आणि तो आपल्याकडे विशेष लागू पडतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासह 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशी ही भारतीय ठेवण आहे. पुणे परिसरातील खेड्यांतल्या नवजात बालकांतही ती दिसली : सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा बरेच कमी, पण तुलनेने त्वचेखालची चरबी टिकून. अशा सडपातळ माणसाला मधुमेहाचा धोका असू शकतो, आणि कागद त्याला सांगतो की तू एक्टोमॉर्फ, कर्बोदके बिनधास्त खा.

‘पण आपल्याकडे वात-पित्त-कफ आहेतच की’, असे शिक्षिका म्हणाल्या. तीन आकड्यांच्या जोड्या जुळवणे सोपे असते. प्रकृतिविचार खरा की खोटा हा निराळा वाद आहे. त्यात उष्मांकांची टक्केवारी नाही एवढे नक्की.

माणसामाणसांत फरक नसतो असे मला म्हणायचे नाही. ब्रिटन व अमेरिकेतील हजाराहून अधिक लोकांवरील 2020 च्या एका अभ्यासात, एकच जेवण घेतलेल्या एकसारख्या जुळ्यांच्याही रक्तातील साखर व मेद वेगवेगळ्या प्रमाणात वाढले. प्रश्न हा की हा फरक आधी ओळखता येतो का. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 2018 मध्ये 609 जणांवरील वर्षभराच्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. कमी स्निग्धांचा आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी 5.3 किलोने घटले, कमी कर्बोदकांचा घेणाऱ्यांचे 6.0 किलोने, हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य. प्रत्येक गटात मात्र कोणी तीस किलोच्या आसपास घटले, तर कोणी दहाएक किलोने वाढले. कोणाला काय लागू पडेल हे जनुकांच्या ठेवणीवरून सांगता येईना, इन्शुलिनच्या स्रवण्यावरूनही सांगता येईना. जे रक्त तपासून साधले नाही ते मनगट धरून साधेल, ही अपेक्षा मला धाडसाची वाटते.

‘पण मैत्रिणीला फायदा झाला’, हा आक्षेप वर्गात हमखास येईल. त्यासाठी रक्तगटानुसार आहाराचे उदाहरण घ्यावे. 1996 च्या एका पुस्तकाने तो लोकप्रिय केला. टोरांटोच्या संशोधकांनी 2014 मध्ये सुमारे दीड हजार तरुणांची माहिती तपासली. ‘ए’ गटासाठी सांगितलेल्या, भाज्या-फळे अधिक असलेल्या आहाराशी जवळीक असणाऱ्यांची प्रकृती खरोखर बरी होती; पण ‘ओ’ आणि ‘बी’ गटाच्या लोकांचीही तितकीच.

येथून वर्गासाठी चांगला पाठ निघतो. मुलांची मनगटे मात्र मोजू नयेत, कोणाला एंडोमॉर्फ म्हणून हसे करण्यात शिक्षण नाही. फळ्यावर दोन ओळी व दोन रकाने आखावेत : सडपातळ व स्थूल, आहार पहिला व आहार दुसरा. चार चौकोनांत कोणते आकडे आले तर कागदाचे म्हणणे खरे ठरेल, आणि कोणते आले तर केवळ एक आहार सर्वांनाच बरा एवढेच सिद्ध होईल, हे मुलांना भरायला सांगावे. कोणी कोणता आहार घ्यायचा हे नाणेफेकीने का ठरवायचे, हा पुढचा प्रश्न. शिक्षिकेने हा तक्ता वर्गात दिला तेव्हा त्या मुलीने तो सर्वांत आधी भरला, आणि ‘सर्वांनाच बरा’चे आकडे लिहिताना तिने कागदावरच्या आकृत्यांच्या नावांवर रेघ मारली, असे मला कळवले आहे. तिच्या डब्यात आता पुन्हा भाकरी असते.