प्रकाश मागे फिरत नाही, म्हणजे काय?

मंडळी, टोपॉलॉजीवर मराठीत बोलायला उभा राहिलेला वक्ता पहिल्या पाच मिनिटांत कप आणि मेदूवडा काढतो. आम्हीही काढलाय, इथेच दादरला. कपाच्या कानाला एक भोक, वड्याला एक भोक, म्हणून दोन्ही सारखे. खरं आहे. पण प्रकाशाच्या बाबतीत हा दाखला दिशाभूल करतो.

कारण इथे वस्तूची भोकं कुणी मोजतच नाही. मोजतात तो लहरीचा पीळ. जाळीतल्या लहरीची दिशा आणि लांबी सगळ्या शक्य किमतींतून फिरवली, तर तिच्या कलेला, म्हणजे फेजला, एकूण किती वेढे पडतात? ते पूर्णांकातच पडतात, साडेतीन नाही. म्हणून किरकोळ दोषाने बदलत नाहीत. हाल्डेन आणि रघू यांनी २००८ मध्ये ही कल्पना इलेक्ट्रॉनांकडून प्रकाशाकडे आणली. २००९ मध्ये एमआयटीतल्या गटाने फेराइटच्या कांड्यांची चौकोनी जाळी उभारली, चुंबकीय क्षेत्र लावलं, कडेने लहर सोडली आणि वाटेत धातूचा अडसर ठेवला. लहर वळसा घालून पुढे गेली.

आमचा दुसरा लाडका दृष्टान्त लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या मिरवणुकीचा. गर्दीत मागे वळता येत नाही, कारण मागचे ढकलतात. पण प्रकाशकण एकमेकांना असे ढकलत नाहीत हो! तिथे परतीची वाटच नसते. आणि ती नसण्याचं मूळ कडेला नाही, जाळीच्या पोटात आहे. त्या वारंवारतेची लहर आत राहूच शकत नाही, आणि तो पीळही आतलाच. दृष्टान्त चित्र बरोबर देतो, कारण चुकीचं देतो. तर्कशास्त्राच्या पेपरात आम्ही याचे गुण कापले असते.

‘संरक्षित’ हा शब्दही सैल वापरला जातो. २००९ ची ती लहर मायक्रोवेव्ह होती. दृश्य प्रकाशाच्या वारंवारतेला चुंबकाचा परिणाम फार क्षीण. म्हणून हाफेझी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सिलिकॉनच्या कड्यांची बिनचुंबकी जाळी दाखवली. तिथे कड्यात घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रकाश जाळीच्या कडेने एका बाजूला जातो, उलट फिरणारा दुसऱ्या बाजूला. कड्याच्या भिंतीचा खडबडीतपणा एकाला दुसऱ्यात ढकलू शकतो, आणि मग प्रकाश चक्क मागे फिरतो.

राहता राहिलं शोषण. वाटेत पदार्थाने गिळलेला प्रकाश कुठलाही पूर्णांक परत आणत नाही. पुढच्या वेळी आम्ही इथे ‘संरक्षित’ म्हणालो, तर पहिल्या रांगेतून विचारा: कशापासून?